चौथा प्रश्न

२ जानेवारी

गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून वॉर्ड सुटला, पण नोकरी काही सुटली नाही. तीस वर्षं उभ्याने काढल्यावर मला पहिल्यांदाच बसून करायचं काम मिळालं आहे. आणि खुर्ची तरी कशी! चाकांची, गोल फिरणारी, पाठीला उशी असलेली. कोणी बघत नाही असं पाहून मी तिच्यावर दोन गिरक्या घेतल्या.

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन टेबलं, दोन फोन, एक पंखा आणि भिंतीला लागून लोखंडी कपाट. खिडकीतून पुनर्वसन केंद्राचं अंगण दिसतं. तिथे मणक्याला मार बसलेले पेशंट चाकाची खुर्ची उतारावरून चढवायला शिकतात. ते शिकून घरी गेले की आमचं काम सुरू होतं. त्यांना फोन करायचा, ठरलेले अकरा प्रश्न विचारायचे आणि कुठे काही बिघडत असेल तर ते वेळेत हुडकायचं. थोडक्यात, उंटावरून शेळ्या हाकायच्या.

समोरच्या टेबलावर एक मुलगी बसते, मला मुलगी असती तर तिच्या वयाची. अकरा प्रश्न दोन मिनिटांत उरकते, म्हणून मी तिचं नाव सुसाट ठेवलं. तिने ते हसून घेतलं आणि मला मावशी म्हणायला लागली. आमच्या मोठ्या बाईंनी ही डायरी दिली आणि रोजचा अनुभव लिहीत जा म्हणाल्या. लिहीन. मला कुठे घरी वाट बघणारं कोणी आहे!

५ जानेवारी

काम समजलं. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड असतं. त्यावर नाव, वय, पत्ता काही नाही. फक्त नंबर, इजा कुठल्या पातळीवर आहे ते आणि देखभाल कोण करतं ते. माणसाची खासगी गोष्ट बाहेर जाऊ नये म्हणून ही व्यवस्था. कार्डाचा नंबर दाबला की यंत्र स्वतःच फोन लावतं, आपल्याला फोन नंबरही दिसत नाही. बोलणं सगळं रेकॉर्ड होतं.

अकरा प्रश्नांत ताप, लघवीची नळी, श्वास, अचानक घाम येऊन डोकं ठणकणं, झोप, मन लागतं का, असं सगळं आहे. सगळं ठीक असेल तर हिरवी खूण, शंका असेल तर पिवळी, आणि लाल म्हणजे आजच्या आज गाडी पाठवायची. तीन वेळा हिरवी झाली की कार्ड खालच्या खणात जातं आणि पुढचा फोन थेट सहा आठवड्यांनी.

सगळ्यात महत्त्वाचा चौथा प्रश्न. आज पाठ आणि खालची बाजू कोणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली का? दुखतं का, असं या माणसांना विचारून उपयोग नाही. ज्या अंगाला काही कळतच नाही ते कुजलं तरी दुखणार कसं? तिथे डोळ्यांनीच बघावं लागतं. इथून जाताना प्रत्येकाला लांब दांड्याचा आरसा देतात, तो त्यासाठीच.

९ जानेवारी

आज मला शाबासकी मिळाली. एक गवंडी आहे, माडीवरून पडलेला. फोनवर नुसता आनंदीआनंद. दुखत नाही, खुपत नाही, सिस्टर तुम्ही काळजी करू नका. मी म्हटलं, आरसा घ्या, मी फोन धरून बसते. कुरकुरत त्याने आरसा घेतला. गरम पाण्याची पिशवी मांडीखाली राहून तिथे तळहाताएवढा फोड आला होता आणि त्याला पत्ताच नव्हता. लाल खूण केली, दोन तासांत गाडी गेली. मोठ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, वॉर्डातली नजर फोनमधून पण चालते म्हणायची! सुसाटने माझ्यासाठी बिस्किटं आणली. रात्री छान झोप लागली.

१२ जानेवारी

सेहेचाळीस नंबरचं कार्ड. इजा छातीच्या पातळीवर, हात चालतात. देखभाल बहीण, परिचारिका.

फोन बहिणीनेच उचलला. आवाज चिरका, घाईतला. असल्या आवाजाची सिस्टर माझ्या वॉर्डात असती तर आठवड्यात सरळ केली असती. लागोपाठ दोन ड्यूट्या करून आत्ताच घरी आले आहे, भाऊ झोपलाय, सगळं ठीक आहे, असं तिने एका दमात सांगितलं. मी नर्स आहे हो, हेही वर ऐकवलं.

मी तिला पुढचे प्रश्न विचारले नाहीत. धंद्यातल्या माणसाला काय विचारायचं, हे एक कारण. दुसरं कारण असं की मलाही एक भाऊ होता, अंथरुणाला खिळलेला. त्याच्याबद्दल आज नको. हिरवी खूण केली.

२७ जानेवारी

सेहेचाळीस पुन्हा. पुन्हा तीच, पुन्हा सगळं ठीक. मागून कोणीतरी शीळ घालत होतं, सुरेल. भाऊ असावा. बरं वाटलं ऐकून. हिरवी.

गवंडी घरी परतला. मला रोज एक विनोद ऐकवायचं त्याने ठरवलं आहे. आजचा अगदीच भिकार होता, पण मी हसले.

१० फेब्रुवारी

सेहेचाळीस. तिसरी हिरवी. अर्ध्या मिनिटात फोन आटोपला. सुसाट म्हणाली, मावशी, आता तुम्ही पण सुसाट! कार्ड खालच्या खणात गेलं. पुढचा फोन २४ मार्चला.

१८ फेब्रुवारी

आज एक विचित्र गोष्ट झाली. मोठ्या बाईंनी शिकवण्यासाठी म्हणून महिन्याभरातली थोडी बोलणी ऐकायला लावली. सुसाट कानाला लावून ऐकत होती, ती एकदम हसत सुटली. म्हणाली, मावशी, हे काय, स्वतःशीच बोलताय? दोन्हीकडून तुम्हीच!

मी ऐकलं. सेहेचाळीसची बहीण बोलत होती. मला तरी परकाच आवाज वाटला. मग सुसाटने मला तेच वाक्य बोलायला लावलं, रेकॉर्ड केलं आणि दोन्ही एकापाठोपाठ लावलं. आपला आवाज बाहेरून कसा येतो ते आपल्याला ठाऊकच नसतं. पण तोच होता. जरा तरुण, जास्त चिडका. बोलण्याआधी जीभ टाळूला लावून च् करायची खोडसुद्धा तीच.

सुसाट हसत होती. मी कार्ड खालच्या खणातून बाहेर काढलं.

१९ फेब्रुवारी

मोठ्या बाईंकडे हट्ट धरून, सेहेचाळीस दाबल्यावर यंत्र कुठला फोन नंबर लावतं तो काढून घेतला. सहा आकडे. आमच्या जुन्या घराचा नंबर. ते घर सोडून मला नऊ वर्षं झाली आणि तो फोन तेव्हाच बंद केला.

आता लिहायलाच हवं. आई गेली तेव्हा धाकटा चार वर्षांचा होता आणि मी एकवीसची. मी त्याला वाढवलं, माझं लग्नबिग्न राहूनच गेलं. मोठा होऊन तो वायरमन झाला. शिडीवर चढला की शीळ घालायचा, त्यावरून गल्लीला कळायचं कोणाच्या घरी काम चाललंय ते. एकतिसाव्या वर्षी त्या शिडीवरूनच पडला. छातीखाली सगळं गेलं. दीड वर्ष मी त्याचं केलं. दोन दोन ड्यूट्या करून यायचे, नळी बदलायचे, तोंड पुसायचे, भरवायचे. पाठ उद्या बघू म्हणायचे. त्याला कुशीवर करायला अंगात जोर लागतो, तो माझ्यात उरलेला नसायचा. आणि खरं सांगायचं तर बघायची भीती वाटायची. केंद्रातून फोन यायचा तेव्हा मी सांगायचे, मी नर्स आहे, सगळं ठीक आहे. ते मान्य करायचे. दिव्याखाली अंधार, पण दिव्याला कोण विचारतो?

२१ मार्चला पहाटे तो गेला. जखमेचं विष रक्तात भिनलं होतं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणलं असतं तर वाचवला असता. माकडहाडाच्या डावीकडे जखम आहे म्हणाले, मला बघायलाही बोलावलं होतं. मी गेले नाही. मी ती कधीच पाहिली नाही.

२० फेब्रुवारी

माझ्या मोबाइलवरून तो नंबर लावला. अस्तित्वात नाही. टेबलावरून सेहेचाळीस दाबला. तिने उचलला. मी तारीख विचारली. तिने चिडून सांगितली. आजचीच तारीख, साल नऊ वर्षांपूर्वीचं.

मागे तो शीळ घालत होता.

म्हणजे तो आहे. अजून महिना आहे.

२४ फेब्रुवारी

आज अकराच्या अकरा प्रश्न विचारले. चौथ्याला तिने च् केलं आणि म्हणाली, हो, पाहिली. खोटं बोल पण रेटून बोल, तसं. मला तिचा भयंकर राग आला. ती खोटं बोलते हे जगात एकट्या मलाच माहीत आहे. त्या वेळी तिचे पाय किती सुजलेले असतात, हेही एकट्या मलाच माहीत आहे. रागावू तरी किती?

मोठ्या बाईंना सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. सेहेचाळीस नंबर कधी कोणाला दिलेलाच नाही. दोन दिवस विश्रांती घ्या म्हणाल्या. मी घेतली नाही.

२ मार्च

चूक झाली.

मी ओरडले. त्याला आत्ताच्या आत्ता कुशीवर कर, माकडहाडाच्या डावीकडे बघ, तो मरेल, तू त्याला मारते आहेस. असंच म्हणाले. ती विचारत होती कोण बोलतंय, कोण बोलतंय. मी म्हटलं मी तूच आहे. तिने फोन आपटला.

३ मार्च

आठवलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तेव्हा एका वेड्या बाईचा फोन आला होता मला. ओरडत होती. मी तू आहे म्हणाली. मी घाबरले होते. आणि मी फोनची तार भिंतीतून उपटून काढली. धाकट्याला म्हटलं, कोणी खोडसाळ आहे, तू लक्ष देऊ नको.

ती तार मी परत कधी लावलीच नाही.

म्हणजे शेवटचे अठरा दिवस केंद्राचा फोन लागला नाही, तो माझ्यामुळे. मी ओरडले म्हणून.

४ मार्च

लावला. नुसतीच घंटी.

७ मार्च

घंटी. वीस वेळा. सुसाट बघत असते. तिने माझा डबा उघडून समोर ठेवला. मी जेवले नाही.

११ मार्च

गवंड्याचा फोन होता, विनोद सांगायला. ऐकवेना. त्याने विचारलं, सिस्टर, तुमची पाठ कोण बघतं? मी ठेवून दिला.

१४ मार्च

घंटी —

१७ मार्च

उचलला. त्याने.

आधी शीळ, मग आवाज. धाकट्याचा. मी खुर्चीचे हात धरून बसले.

त्याने सांगितलं की तार उपटलेली होती. पलंगावरून आरशाच्या दांड्याने ओढून घेतली आणि तीन दुपारी खटपट करून परत लावली. वायरमन आहे म्हटलं, एवढं जमणारच. ताईला कळू देऊ नका. मग म्हणाला, तुम्ही त्या फोनवाल्या बाई ना, विचारा काय विचारायचं ते.

मी चौथा प्रश्न विचारला.

तो हसला. ताईने नाही पाहिली, पण मी पाहतो की, रोज, आरशात. महिना झाला. आधी बटणाएवढी होती. आता मूठ जाईल. वास येऊ नये म्हणून ती यायच्या आधी पावडर मारतो आणि खिडकी उघडी ठेवायला सांगतो.

त्याला माहीत होतं. मला नऊ वर्षांत हे कळलं नव्हतं.

मी विचारलं, का नाही सांगत तिला. तो म्हणाला, ती स्वयंपाकघरात उभ्याने झोपते हो. भिंतीला डोकं टेकून. मी इथून बघतो. सांगितलं तर नोकरी सोडेल आणि माझ्या उशाशी बसेल. माझ्यापायी तिचं सगळं गेलं, झोप तरी राहू दे.

मग म्हणाला, तुमचा आवाज माझ्या ताईसारखा आहे. म्हातारी झाली की ती असंच बोलेल. म्हणून तुम्हाला सांगितलं.

मी रडले, त्याला ऐकू जाईल इतकं रडले. तो मला गप्प करत राहिला.

१८ मार्च

उचलला. ताप एकशे तीन. सकाळपासून हुडहुडी भरते आहे. दात वाजत होते तरी चेष्टा चालू. म्हणाला, पलंगच हलतोय, झोपाळ्याचा आनंद आहे.

मी हात जोडले. तो माझे हात बघू शकत नव्हता, तरी जोडले. म्हटलं, ती झोपेल रे नंतर, खूप झोपेल, नऊ वर्षं झोप न येता पडून राहील, तुला कळत नाही. मग तो म्हणाला, बरं, उद्या पाचला येते ती. फोन देतो तिच्याकडे. पण तिला बोलायचं नाही. एक शब्द रागाचा नाही. शपथ घ्या.

घेतली.

१९ मार्च

साडेचार. आजचाच दिवस. डॉक्टरांचे दोन दिवस म्हणजे आज.

दाराला आतून कडी घातली. सुसाट बाहेरून हाका मारते आहे. मोठ्या बाई पण आल्या वाटतं.

फोन लागला आहे. तो धरून बसला आहे, बोलायची ताकद नाही, श्वास ऐकू येतो. कानाला फोन आणि हाताला पेन्सिल ही सवय. लिहीत राहिले तर ओरडणार नाही.

काय सांगू तिला? मी तूच आहे म्हटलं की ती तार उपटते. बघ म्हटलं की खोटं बोलते. ती कोणाचं ऐकते?

पाच. कुलूप. पिशवी टेकवली. तो म्हणतोय ताई, फोन. ती विचारते कोणाचा —

च्.

सुचलं. ड्यूटी बदलताना चार्ज देतात, पेशंट पुढच्या नर्सच्या हवाली करतात, तसं. कितीही दमलेली नर्स असो, चार्ज दिला की मध्ये तोडत नाही. आणि घेणारीने पांघरूण उचलून स्वतः बघितल्याशिवाय चार्ज घ्यायचा नसतो. हा नियम तिच्या हाडात मुरलाय. माझ्याही.

सांगितलं. हळू. वॉर्डात सांगते तसं. पेशंट पुरुष, वय बत्तीस. छातीखाली संवेदना नाही. ताप एकशे तीन, कालपासून हुडहुडी. माकडहाडाच्या डावीकडे जखम, महिन्याची, खोल. कूस बदललेली नाही. ड्रेसिंग बाकी. चार्ज घ्या, सिस्टर.

पलीकडे पेनचं टोपण उघडल्याचा आवाज.

हो, म्हणाली. घेते.

फोन खाली ठेवला, बंद नाही केला. पावलं. खिडकी लावली. ती त्याला म्हणते हात माझ्या गळ्यात टाक. तो नको म्हणतोय. नको ताई, तू दमलीस —

दारावर धक्के. थांबा. थांबा जरा.

पलंग कुरकुरला. तिने त्याला कुशीवर —

मला आठवतंय. हे काल आठवत नव्हतं. त्याचा खांदा माझ्या छातीला टेकलेला, तापलेला. पावडरचा वास आणि त्याखाली तो दुसरा. मी चादर धरली. मागे ओढली. माझ्याच हातांनी. मी बघितलं —

अरे देवा. केवढी.

नऊ वर्षं मी हे बघितलं नव्हतं, आता बघितलं, आत्ता, तेव्हा, पांढरं हाड दिसत होतं, आणि तो मान वळवून माझ्या तोंडाकडे बघतोय, खूप आहे का गं ताई, असं विचारतोय, आणि मी त्याला म्हणाले की हो, खूप आहे, आपण आत्ताच्या आत्ता दवाखान्यात निघायचं —